हरणाऱ्या टीमला सांभाळणारं शहर

 

माझा मामेभाऊ बडोद्याला राहतो, सातवीत आहे. मागच्या आयपीएलमध्ये त्याने महिन्याभरात तीन टीम बदलल्या. आधी एकीची जर्सी घालून फोटो पाठवला, ती हरायला लागली तशी दुसरी, मग तिसरी. मी फोनवर चिडवलं, तर अगदी शांतपणे म्हणाला, "ताई, हरणाऱ्या टीमला कशाला सपोर्ट करायचा? आपल्याला काय मिळतं त्यातून?"

खरं सांगू? मला पटकन उत्तर सुचलं नाही. हसून विषय बदलला. पण प्रश्न डोक्यात राहिला. त्याचं उत्तर सापडलं ते क्रिकेटमध्ये नाही, बेसबॉलमध्ये. आणि तेही अमेरिकेत नाही, तर जपानमधल्या हिरोशिमा शहरात.

हिरोशिमा म्हटलं की आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र येतं. ६ ऑगस्ट १९४५, सकाळचे सव्वाआठ, अणुबॉम्ब. शाळेत त्या दिवशी आम्ही कागदाचे पक्षी करायचो आणि शांततेवर निबंध लिहायचो. आमच्या निबंधात हिरोशिमा त्या सकाळी संपायचं. त्यानंतर ते शहर कसं जगलं, हे आम्हाला कुणी विचारलंच नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

ते शहर जगलं. आणि त्या जगण्यात एका बेसबॉल टीमचा मोठा वाटा आहे. टीमचं नाव हिरोशिमा कार्प. आजची गोष्ट तिचीच.

आधी दोन मिनिटं बेसबॉल

ज्यांना बेसबॉल अजिबात माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पिचर म्हणजे गोलंदाज, बॅटर म्हणजे फलंदाज. मैदानात चार कोपऱ्यांवर चार बेस असतात. चेंडू मारून, पळत पळत, एकेक बेस गाठत खेळाडू सुरुवातीच्या जागी परत आला की एक रन. थेट प्रेक्षकांत चेंडू गेला तर होमरन, आपल्या षटकारासारखा. तीन जण आउट झाले की समोरच्या टीमची पाळी. अशा नऊ पाळ्या. आणि टीमचा मॅनेजर म्हणजे ऑफिसातला साहेब नव्हे, तो मुख्य प्रशिक्षक.

जपानमध्ये व्यावसायिक बेसबॉलच्या दोन लीग आहेत, सेंट्रल आणि पॅसिफिक. वर्षभर लीगमध्ये झुंजायचं, आणि शेवटी दोन्हीकडची एकेक टीम 'जपान सिरीज'मध्ये समोरासमोर येते. आधी चार मॅच जिंकेल ती देशाची विजेती.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट तिच्यावर उभी आहे. जपानमधल्या टीम मोठ्या कंपन्यांच्या असतात आणि कंपनीचं नावच टीमला लागतं. योमिउरी जायंट्स ही वर्तमानपत्राची टीम, हानशिन टायगर्स ही रेल्वे कंपनीची. टीम तोट्यात गेली तर कंपनी पैसे घालते.

हिरोशिमाच्या टीममागे अशी एकही कंपनी नव्हती.

घराला छप्पर नाही, आणि टीम हवी?

बॉम्बमुळे १९४५ संपेपर्यंत हिरोशिमात सुमारे १ लाख ४० हजार माणसं गेली, असा अंदाज आहे. शहराचा मधला भाग जळून सपाट झाला होता. पुढची ७५ वर्षं इथे गवतसुद्धा उगवणार नाही, अशी अफवा तेव्हा पसरली होती.

पण बेसबॉल या मातीत आधीपासून होता. युद्धाच्या आधी हिरोशिमाच्या शाळांनी देशातली सगळ्यात मोठी शालेय बेसबॉल स्पर्धा जिंकलेली होती. म्हणून १९४९ मध्ये जपानमधल्या व्यावसायिक टीमची संख्या वाढून दोन लीग होणार असं ठरलं, तेव्हा हिरोशिमातल्या काही मंडळींनी ठरवलं की आपलीही टीम हवी. बॉम्ब पडून जेमतेम चार वर्षं झाली होती.

नाव ठेवलं कार्प. कार्प म्हणजे मासा. आपल्याकडचे रोहू आणि कटला याच कुळातले. हिरोशिमाच्या जुन्या किल्ल्याचं एक नाव 'कार्पचा किल्ला' असं आहे, आणि जपानमध्ये हा मासा जिद्दीचं प्रतीक मानतात. प्रवाहाच्या उलट पोहत धबधबा चढून जाणारा मासा! सुरुवातीला नाव 'कार्प्स' ठरलं होतं. मग कुणीतरी लक्षात आणून दिलं की इंग्रजीत कार्पचं अनेकवचनही कार्पच, आणि शेवटचा 'स' गळाला. मी बीए इंग्रजीवाली, त्यामुळे हा किस्सा मला भारीच आवडतो.

जानेवारी १९५० मध्ये टीमची लोकांशी ओळख करून देण्याचा कार्यक्रम झाला. थंडीत हजारो लोक जमले. मॅनेजर होते इशिमोतो शुइची. ते हिरोशिमाचेच. इथल्या शाळेला त्यांनी मोठ्या स्पर्धा जिंकून दिल्या होत्या आणि पुढे टायगर्स टीमलाही विजेतेपद मिळवून दिलं होतं.

आता नाव होतं, गाव होतं, गुरू होते. नव्हते ते खेळाडू आणि पैसे. चांगले खेळाडू श्रीमंत टीमनी आधीच नेले होते. इशिमोतोंनी ओळखीपाळखीतून मिळतील तेवढी मुलं गोळा केली. पहिल्या वर्षी लीगमध्ये आठ टीम होत्या. कार्पचा नंबर आठवा.

दारातलं पिंप

टीम चालवायला आसपासच्या नगरपालिका आणि प्रशासन पैसे देतील, अशी कल्पना होती. पण शहर स्वतःच उभं राहत होतं. ठरलेले पैसे वेळेवर येईनात. खेळाडूंचे पगार थकले. १९५१ च्या मार्चमध्ये कारभाऱ्यांनी हात टेकले. टीम बंद करायची किंवा शेजारच्या तायो या टीममध्ये मिसळून टाकायची, एवढेच दोन पर्याय उरले.

बातमी पसरली आणि लोक हलले. इशिमोतोंनी विलीनीकरणाला विरोध केला आणि सरळ लोकांसमोर हात पसरला. मॅनेजरनं टीमला खेळ शिकवायचा, ते सोडून हा माणूस गावोगाव सभा घेत फिरू लागला. वस्त्यांमध्ये आणि कामाच्या ठिकाणी टीमसाठी मंडळं काढा, वर्गणी गोळा करा, असं सांगू लागला.

आणि मैदानाच्या दारात पिंप आलं. साके ही जपानी दारू ज्या मोठ्या लाकडी पिंपात भरतात, तसलं पिंप. मॅच बघायला येणाऱ्यांनी आत जाता जाता त्यात जमेल ते टाकायचं. जपानी भाषेत या वर्गणीला 'तारु बोकिन' म्हणतात. तारु म्हणजे पिंप, बोकिन म्हणजे वर्गणी.

आपल्याला वर्गणी काही नवी नाही. गणपती आले की पावतीपुस्तक घेऊन मुलं दारात उभी राहतात. पण जरा विचार करा. इथे देणारे लोक कोण होते? ज्यांचं घर जळलं होतं, ज्यांच्या घरातली माणसं गेली होती, जे अजून फळ्या आणि पत्रे जोडून केलेल्या खोल्यांत राहत होते. आणि ते पैसे टाकत होते सगळ्यात शेवटच्या नंबरच्या टीमसाठी!

मी हे वाचलं तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला, की अरे, यांना दुसरं काही सुचलं नाही? त्या पैशात औषध आलं असतं, तांदूळ आला असता.

बराच वेळ मी यावर अडकले. मग दोन गोष्टी लक्षात आल्या. एक म्हणजे, तेव्हा जपानवर अमेरिकी सैन्याचा ताबा होता. १९५२ पर्यंत अणुबॉम्बबद्दल छापायला बंधनं होती. जे सोसलं ते उघडपणे बोलायची सोय नव्हती. मैदानात मात्र हजारो लोक एकत्र बसून घसा फुटेपर्यंत ओरडू शकत होते. आणि दुसरी गोष्ट, औषध आणि तांदूळ यांमुळे माणूस आजचा दिवस काढतो. उद्याची वाट बघायला मात्र काहीतरी कारण लागतं. उद्या संध्याकाळी मॅच आहे, हे छोटंसं का होईना, पण कारण होतं.

विलीनीकरण रद्द झालं. टीम वाचली.

जिंकणारी बुडाली, हरणारी तरली

वाचली, पण एकाच वर्षासाठी. १९५२ मध्ये लीगनं नवा नियम आणला. शंभरात तीस या प्रमाणातही मॅच जिंकता आल्या नाहीत, तर ती टीम बंद करणार. हा नियम कुणाला डोळ्यांसमोर ठेवून केला असेल, हे सांगायला नको.

त्या वर्षी कार्प १२० मॅच खेळली. ३७ जिंकली, ८० हरली, ३ बरोबरीत. विजयाचं प्रमाण निघालं ३१.६ टक्के. काठावर पास!

आणि नापास कोण झालं? शोचिकू रॉबिन्स. शोचिकू ही मोठी सिनेमा कंपनी. तिची ही टीम दोनच वर्षांपूर्वी, १९५० मध्ये, सेंट्रल लीगची पहिली विजेती होती. त्याच वर्षी कार्प शेवटची आली होती. आता रॉबिन्सचं प्रमाण २८.८ टक्क्यांवर घसरलं आणि ती टीम तायोमध्ये विलीन झाली.

इथे मला मामेभावाचा प्रश्न पुन्हा आठवला. पहिली विजेती टीम संपली आणि शेवटून पहिली येणारी राहिली. जिंकणं आणि टिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

त्या काळातला कार्पचा हिरो होता हासेगावा र्‍योहेई. उंची फक्त १६७ सेंटीमीटर. पिचर म्हणून फारच बुटका. १९५५ मध्ये या पठ्ठ्यानं एका हंगामात ३० मॅच जिंकून दिल्या. त्याच्या संपूर्ण कारकिर्दीचे आकडे बघा, १९७ विजय आणि २०८ पराभव. पराभव जास्त आहेत. पण कमकुवत टीमकडून खेळत १९७ वेळा जिंकणं म्हणजे काय, हे हिरोशिमाच्या लोकांना विचारा.

समुद्रापलीकडची लेकरं

हिरोशिमा भागातून फार पूर्वीपासून लोक पोटापाण्यासाठी हवाई आणि कॅलिफोर्नियाला जायचे. घराघरातलं कुणीतरी परदेशात. आपल्या कोकणातल्या किंवा गोव्यातल्या घरांना हे वेगळं सांगायला नको.

असाच एक मुलगा केनिची झेनिमुरा. जन्म हिरोशिमाचा, वाढला हवाईत, स्थिरावला कॅलिफोर्नियात. तिथल्या जपानी लोकांमध्ये बेसबॉल रुजवणारा माणूस म्हणून त्याचं नाव घेतात. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं आपल्याच जपानी वंशाच्या नागरिकांना छावण्यांत डांबलं. ॲरिझोनाच्या वाळवंटातल्या गिला रिव्हर छावणीत झेनिमुरानं बाकीच्यांना हाताशी धरून झुडपं उपटली, जमीन सपाट केली आणि बेसबॉलचं मैदान उभारलं.

१९५३ मध्ये त्याची दोन मुलं, केन्सो आणि केन्शी, कार्पकडून खेळायला हिरोशिमात आली. स्वागताला रस्त्यावर गर्दी लोटली होती. दोन वर्षांनी फिबर हिरायामा आला. हाही कॅलिफोर्नियाचा, लहानपणी छावणीत राहिलेला. तो तब्बल दहा हंगाम कार्पकडून खेळला.

एका देशानं यांना 'शत्रू' म्हणून तारेच्या कुंपणात ठेवलं. दुसऱ्या देशातल्या, त्याच युद्धात होरपळलेल्या गावानं त्यांना 'आपली पोरं' म्हणून डोक्यावर घेतलं. मधला धागा कोणता? बेसबॉल.

घुमटासमोरचं स्टेडियम

१९५७ च्या जुलैमध्ये कार्पला हक्काचं स्टेडियम मिळालं. हिरोशिमा महानगरपालिकेचं, दिव्यांची सोय असलेलं. शहरातल्या व्यावसायिकांनी त्यासाठी देणग्या दिल्या. जागा कुठली? अणुबॉम्बनं उद्ध्वस्त झालेली, आज जगभर ओळखली जाणारी ती घुमटाची इमारत आहे ना, तिच्या अगदी समोर. मॅच संपवून बाहेर पडलं की समोर तो घुमट.

बॉम्बमधून वाचलेल्या लोकांच्या वैद्यकीय मदतीचा कायदा जपानमध्ये झाला तोही १९५७ मध्येच. म्हणजे बॉम्बनंतर १२ वर्षांनी! आणि स्टेडियमच्या मागे नदीकाठी, घर गमावलेल्या लोकांच्या झोपड्या पुढे कितीतरी वर्षं होत्या. स्टेडियमचे दिवे लागले म्हणून सगळ्यांच्या घरात उजेड पडला, असं नाही. ही गोष्ट सांगताना ते विसरून चालणार नाही.

'बेअरफूट जेन' ही जगप्रसिद्ध चित्रकथा काढणारे नाकाझावा केइजी सहा वर्षांचे असताना बॉम्बमधून वाचले. ते कार्पचे पक्के चाहते होते. टीमच्या जन्मावर त्यांनी आणखी एक चित्रकथा काढली. एकाच माणसाच्या हातून दोन्ही गोष्टी निघाल्या, कारण त्याच्या आयुष्यात त्या दोन्ही एकाच गावच्या होत्या.

पुढे कार बनवणाऱ्या माझदा कंपनीचे, म्हणजे तेव्हाच्या तोयो कोग्योचे, प्रमुख मात्सुदा त्सुनेजी यांनी टीमची धुरा घेतली. १९६८ पासून नाव झालं हिरोशिमा तोयो कार्प. त्यामुळे आज कार्प पूर्णपणे वर्गणीवर चालते असं नाही. मालकी मुख्यतः मात्सुदा कुटुंबाची आणि माझदाची आहे. पण 'ही आमची, गावाची टीम' ही भावना मात्र तशीच राहिली.

लाल टोपी

एवढं सगळं होऊन टीम जिंकत होती का? छे! पहिल्या १८ हंगामांत एकदाही पहिल्या तीनमध्ये नाही. १९७२, १९७३, १९७४ अशी सलग तीन वर्षं शेवटचा नंबर. जपानमध्ये ५ मे या बालदिनाच्या सुमाराला घरावर कापडी कार्प मासे उडवतात. लोक चेष्टा करायचे, की ते मासे उतरवले की हिरोशिमाचा कार्पही खाली येतो!

१९७५ मध्ये अमेरिकी मॅनेजर आला, जो लुट्झ. त्याने आल्या आल्या टोप्यांचा रंग बदलून भडक लाल केला. लाल म्हणजे लढायची जिद्द. गंमत म्हणजे लुट्झ स्वतः महिनाभरही टिकला नाही. एका मॅचमध्ये पंचाच्या निर्णयावरून वाद झाला, टीमच्याच प्रतिनिधीनं मैदानात येऊन त्याला माघार घ्यायला लावली आणि तो राजीनामा देऊन गेला. टोप्या मात्र लालच राहिल्या. जबाबदारी आली कोबा ताकेशी या तरुण प्रशिक्षकावर.

आणि त्या वर्षी बालदिन गेला, पावसाळा गेला, उन्हाळा गेला, तरी कार्प खाली येईना. यामामोतो कोजी धावा काढत होता, सोतोकोबा योशिरो मॅच जिंकून देत होता. १५ ऑक्टोबर १९७५. टोकियोतलं कोराकुएन स्टेडियम. समोर सगळ्यात श्रीमंत आणि लाडकी टीम, योमिउरी जायंट्स. नवव्या पाळीत गेल हॉपकिन्स या अमेरिकी खेळाडूनं होमरन मारला आणि एका फटक्यात तीन रन. कार्प ४, जायंट्स ०.

२६ व्या हंगामात पहिलं लीग विजेतेपद!

काही दिवसांनी हिरोशिमात विजययात्रा निघाली, 'पीस बुलेव्हार्ड' या रुंद रस्त्यावरून. सुमारे ३ लाख लोक आले होते. त्या गर्दीत काही जणांच्या हातात फोटो होते. खेळाडूंचे नाहीत. घरातल्या गेलेल्या माणसांचे. ज्यांनी पिंपात नाणी टाकली आणि ज्यांना हा दिवस बघायला मिळाला नाही, त्यांनाही यात्रेला आणलं होतं.

मामेभावा, तू विचारलंस ना, "आपल्याला काय मिळतं त्यातून?" हे मिळतं.

२१ चेंडू आणि २२१५ मॅच

मग आला कार्पचा सोनेरी काळ. १९७९, १९८० आणि १९८४ मध्ये कार्पनं जपान सिरीज जिंकली. यातले दोन प्रसंग आजही आजोबा नातवंडांना सांगतात.

पहिला, ४ नोव्हेंबर १९७९. किंतेत्सू टीमविरुद्ध सातवी, म्हणजे निर्णायक मॅच. कार्प ४-३ नं पुढे. नववी पाळी. पिचर एनात्सु युताका. तिन्ही बेसवर विरोधी खेळाडू, आउट एकही नाही. एक रन बरोबरीला, दोन रन पराभवाला पुरे. इतक्यात एनात्सुला दिसलं की आपला मॅनेजर दुसऱ्या पिचरला तयार करतोय. तो मनातून दुखावला. तेव्हा किनुगासा साचिओ हा सहकारी त्याच्याजवळ चालत गेला आणि त्याच्या बाजूने उभं असल्याचं सांगून परत गेला.

एनात्सुनं पहिला बॅटर आउट केला. दुसऱ्या बॅटरनं चेंडू हलकेच टेकवून रन चोरायचा डाव रचला. चेंडू हातातून सुटता सुटता एनात्सुनं तो ओळखला आणि चेंडू बॅटच्या आवाक्याबाहेर टाकला. रनसाठी पळत सुटलेला खेळाडू मध्येच पकडला गेला. मग तोही बॅटर आउट. त्या एका पाळीत एनात्सुनं टाकलेले चेंडू होते २१. 'एनात्सुचे २१ चेंडू' एवढं म्हटलं की जपानमध्ये लोकांना सगळं आठवतं.

दुसरा किस्सा त्याच किनुगासाचा. वडील अमेरिकी सैन्यातले कृष्णवर्णीय, आई जपानी. ऑगस्ट १९७९ मध्ये जायंट्सच्या पिचरचा चेंडू लागून त्याच्या खांद्याच्या मागचं हाड मोडलं. दुसऱ्या दिवशी हा मैदानात! तीन चेंडू, तीन वेळा जीव खाऊन बॅट फिरवली, तिन्ही हुकले, आउट. नंतर त्यानं सांगितलं, की पहिला घाव चाहत्यांसाठी, दुसरा स्वतःसाठी आणि तिसरा चेंडू मारणाऱ्या त्या पिचरसाठी होता, म्हणजे त्याच्या मनाला लागून राहायला नको. १९७० ते १९८७ या काळात किनुगासा एकही मॅच न चुकवता सलग २,२१५ मॅच खेळला. तेव्हाचा तो विश्वविक्रम होता.

पुन्हा ओहोटी

१९९१ मध्ये कार्पनं आणखी एकदा लीग जिंकली. नंतर मात्र दिवस फिरले. १९९३ पासून ठरावीक वर्षं खेळलेल्या खेळाडूंना टीम बदलायची मोकळीक मिळाली. कार्पनं मुलं घडवायची आणि ती तयार झाली की श्रीमंत टीमनी न्यायची. एतो जायंट्सकडे गेला, कानेमोतो आणि आराई टायगर्सकडे. १९९८ ते २०१२, सलग १५ वर्षं कार्प तळातल्या तीनमध्ये.

२००४ मध्ये तर जपानी बेसबॉलमध्येच टीम कमी करायची चर्चा सुरू झाली. खेळाडूंनी संप केला. हिरोशिमाचं जुनं स्टेडियमही मोडकळीला आलं होतं. तेव्हा लोकांनी काय केलं असेल? ओळखा!

बरोबर. पिंपं पुन्हा बाहेर आली. आजी-आजोबांनी टीम वाचवायला पैसे टाकले होते, नातवंडांनी नव्या स्टेडियमसाठी टाकले. २००९ मध्ये रेल्वे स्टेशनजवळ नवं स्टेडियम उघडलं. बुलेट ट्रेनच्या खिडकीतून आतलं मैदान दिसतं. आणि मैदानावर खरं, हिरवंगार गवत आहे. ज्या शहरात ७५ वर्षं गवत उगवणार नाही म्हणत होते, त्या शहरात.

कुरोदा परत येतो

कुरोदा हिरोकी हा कार्पचा मुख्य पिचर. २००६ मध्ये त्याला टीम सोडायची मोकळीक मिळणार होती. शेवटच्या घरच्या मॅचला चाहत्यांनी स्टँडमध्ये भला मोठा फलक लावला. 'जाऊ नकोस' असं त्यावर लिहिलं नव्हतं. आम्ही कायम तुझ्या सोबत आहोत, तुझे अश्रू आम्ही होऊ, अशा अर्थाचं लिहिलं होतं. कुरोदा थांबला. वर्षभरानं तो अमेरिकेला गेला, लॉस एंजेलिस आणि मग न्यूयॉर्ककडून खेळला, भरपूर नाव कमावलं.

२०१४ च्या डिसेंबरमध्ये त्याला अमेरिकेतून प्रचंड रकमेची बोलणी येत होती. त्यानं ती नाकारली आणि ४० कोटी येनवर कार्पशी करार केला. अमेरिकेत याच्या कितीतरी पट मिळाले असते. पण अंगात खेळ शिल्लक असतानाच परत येईन, हे त्यानं मनाशी ठरवलं होतं. आराईही त्याच वेळी परतला.

१० सप्टेंबर २०१६. पुन्हा टोकियो, पुन्हा जायंट्स. जुन्या कोराकुएनला लागूनच उभं राहिलेलं टोकियो डोम. पिचर होता ४१ वर्षांचा कुरोदा. कार्प ६-४ नं जिंकली आणि २५ वर्षांनी लीगचं विजेतेपद मिळालं. कुरोदा आणि आराई मैदानातच एकमेकांच्या गळ्यात पडून रडले. कुरोदाचा जन्म १९७५ चा, लाल टोपी आली त्याच वर्षीचा.

देशाचं विजेतेपद त्या वर्षी हुकलं. २०१७ आणि २०१८ मध्येही लीग जिंकली, पण १९८४ नंतर जपान सिरीज काही हाताला लागलेली नाही. लोक मात्र लाल कपडे घालून येतातच.

८६ नंबरची जर्सी

जाता जाता एकच. कित्येक वर्षं ६ ऑगस्टला हिरोशिमात कार्पची मॅच होत नसे. शोक पाळायचा दिवस, स्टेडियम बंद. २०११ मध्ये ५३ वर्षांनी त्या तारखेला घरच्या मैदानावर मॅच झाली, शांततेच्या नावानं. २०१५ मध्ये बॉम्बला ७० वर्षं झाली, तेव्हा कार्पच्या सगळ्या खेळाडूंच्या जर्सीवर एकच नंबर होता, ८६. आठवा महिना, सहा तारीख.

मामेभावाला मी ही सगळी गोष्ट फोनवर सांगितली. तो जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पण ताई, ती टीम त्यांची होती. पैसे घातले होते त्यांनी. आयपीएलमध्ये माझं काय आहे?"

मुद्दा बरोबर आहे पोराचा! ज्यात आपण काही घातलं, पैसे नाही तर वेळ, घाम, निदान चार वर्षांची वाट बघणं, तीच गोष्ट आपली होते. मग ती हरली तरी सोडवत नाही. इंदूर, बडोदा, हैदराबाद, बेंगळुरू, आपली मराठी माणसं जिथे जिथे गेली तिथे कुणीतरी वर्गणी काढून वाचनालय सुरू केलं, मंडळ काढलं, गणपती बसवला. त्यातली काही आज जेमतेम चालतात. खुर्च्या जुन्या, सभासद थोडे. तुमच्या गावात असं काही असेल, तर या रविवारी एकदा डोकावून या. आणि दारात पेटी असेल, तर जमेल ते टाका.

भेटूया पुढच्या वेळी, मैदानाच्या पलीकडे!